दोन शिखरं, एक दरी

सँ-दिएचा पूल मागे पडला आणि चढ लागला, तशी क्लोदामायने पायांतले लाकडी जोडे काढले, दोरीत ओवले आणि गळ्यात अडकवले.

"उतारावर हे मला नेतात, चढावर मी यांना नेते," ती म्हणाली. "नवराबायकोचं असंच असतं, पेरोन. शरदात तुझं लग्न झालं की कळेलच."

"आधी वर तर पोचू दे," पेरोन म्हणाली.

"मी पोचेन गं. मागे तू राहतेयस. वरातीत चालल्यासारखी काय चालतेस?"

असं बोलून ती वीस पावलं तरातरा गेली आणि रस्त्याकडेच्या क्रुसाला धरून उभी राहिली. खोकला आला. कागदाच्या गिरणीतल्या सगळ्या जणी तो खोकला ओळखत. विटलेलं कापड टराटरा फाडावं तसा त्याचा आवाज. पेरोनने पाठ वळवली आणि समोरच्या डोंगराकडे बघत राहिली. खोकणाऱ्या बाईकडे बघू नये, ही त्यांच्या चिंध्यांच्या खोलीतली रीतच होती. आज तिची पाळी, उद्या आपली.

आंबेरच्या वरच्या खोऱ्यातून निघून हा दुसरा दिवस. क्लेरमाँ शहर अजून दिवसभराच्या वाटेवर होतं. निघताना पेरोनच्या आईने दारात अडवलं होतं. "माय, ही छाती घेऊन कुठं निघालीस? वाटेतच जाशील."

"गेले तर मोकळ्या हवेत गेले म्हण," क्लोदामाय म्हणाली होती. "गिरणीत मरायला चाळीस वर्षं बसलेच आहे की."

आणि एवढा खटाटोप कशासाठी? तर एक कागद आणायचा होता. त्या कागदावर एका पॅरिसच्या चित्रकाराने पेरोनला उभी करून काढलेलं चित्र होतं, नवरीच्या पोशाखातलं. पण क्लोदामायला चित्राशी काही देणंघेणं नव्हतं. चित्राच्या खाली उजव्या कोपऱ्यात, कागदाच्या आतच, राईएवढा एक लाल कण होता. तिला तो कण घरी आणायचा होता.

नवव्या वर्षी क्लोदा गिरणीत आली. तिथं जुन्या चिंध्या कुजवून, कुटून त्यांच्या लगद्याचा कागद होई. चिंध्यांच्या खोलीत बाकावर विळीसारखं पातं उभं रोवलेलं असतं, पाठ आपल्याकडे, धार पलीकडे. कापड दोन्ही हातांनी धरायचं आणि पात्यावर ओढायचं. शिवणी उसवायच्या, बटणं काढायची, आकडे काढायचे, जाड एकीकडे, तलम एकीकडे. जगातली सगळी घाण त्या गाठोड्यांतून येई आणि धूळ होऊन बायकांच्या छातीत बसे. तिथंच तिचं लग्न ठरलं. नवरा लगद्याच्या हौदातून साच्याने कागद उचलणारा, दिवसभर कोमट पाण्यात हात, तळवे उकडल्यासारखे लाल. तो मेला तेव्हा लेक मियेत पोटात होती. तेरा दिवसांनी क्लोदा पुन्हा पात्यापाशी. रडताना तिला कुणी पाहिलं नाही. धुळीने सगळ्यांचेच डोळे लाल असत, कोण ओळखणार?

जीभ मात्र त्या पात्याहून धारदार. गाठोड्यातून आलेल्या कोटाची बटणं बघून ती सांगे, हा माणूस मेला की नुसता जाड झाला. "हे बघा, शेवटचं बटण दोनदा सरकवून लावलंय. बायको स्वयंपाकात चांगली होती बिचाऱ्याची." खोली हसे. मुकादम आत डोकावला की ती म्हणे, "काही नाही साहेब, तुमचीच विजार आलीय." पुन्हा हशा.

पण एका कामात ती कधी हसली नाही. कपड्यांवर मालकाच्या नावाची अक्षरं लाल दोऱ्याने भरलेली असत, लग्नाच्या पेटीतल्या प्रत्येक सदऱ्यावर, प्रत्येक चादरीवर. तो लाल दोरा कागदवाल्यांचा वैरी. कुजवून जात नाही, कुटून जात नाही, पाण्याने जात नाही. शंभर शुभ्र कागदांत तो ठिपका होऊन बसतो. म्हणून प्रत्येक खूण शोधायची आणि कापून काढायची. बायकांना वाचता येत नसे, पण अक्षरांची तोंडं त्यांच्या ओळखीची होती. त्यांनी आपापली नावं ठेवली होती: C म्हणजे विळा, M म्हणजे दोन शिखरं, V म्हणजे दरी, शिवाय खुंटी, सापळा. खूण कापताना ती अक्षरं मोठ्यानं म्हणायची आणि मागून म्हणायचं, "कोण होतास, कोण होतीस, देवाला ठाऊक. विसावा मिळो." मग पातं. नव्या पोरी ते भराभरा उरकत. क्लोदामाय त्यांचे हात थांबवी. "त्याचं नाव शेवटचं आपल्या तोंडून निघतंय गं. जरा दमानं."

चव्वेचाळिसाव्या वर्षी श्वास पुरेना, म्हणून मुकादमाने तिला वर धाडलं, तयार कागदांच्या खोलीत. तिथं खिडक्या मोठ्या, धूळ नाही. प्रत्येक ताव उजेडासमोर धरायचा, ठिपका दिसला की सुरीच्या टोकाने अलगद खरवडायचा आणि गारगोटीने ती जागा घोटायची. तिने साफ केलेला ठिपका खुद्द मालकाला सापडत नसे. खाली तिच्या पात्यापाशी बारा वर्षांची मियेत बसली, पेरोनच्या शेजारी. दोघी एका वयाच्या. सात वर्षं त्यांची कोपरं एकमेकींना लागत होती. मियेत गाठोडी सोडताना गुणगुणायची, पेरोन तिला म्हणायची, "तोंड मिट, धूळ खाशील."

मग एका गाठोड्यातून ताप आला आणि तीन बायका घेऊन गेला. त्यांत मियेत. एकोणीस वर्षांची. नाताळनंतर लग्न होतं. पोशाख शिवून, भरून, घडी घालून तयार होता.

त्या खोऱ्यात रीत अशी की गिरणीतली बाई गेली की तिचा अंगावरचा शेवटचा सदरा गिरणीतच द्यायचा. तिच्या सोबतिणीने तो पात्यावर उसवायचा, खूण कापायची, प्रार्थना म्हणायची. नोव्हेंबरातल्या सर्व संतांच्या सणानंतर क्लोदामाय सदरा घेऊन खाली आली. पेरोनने हात पुढे केला.

"मी करते," क्लोदामाय म्हणाली आणि मियेतच्या, म्हणजे आपल्याच जुन्या जागेवर बसली.

तिने शिवणी उसवल्या. बाह्या वेगळ्या केल्या. गळ्याशी खूण होती. दोन शिखरं आणि दरी, मियेत व्हालाची. खोलीतल्या सगळ्या जणी थांबून वाट बघत होत्या. क्लोदामायचे ओठ हलले नाहीत. तिने ते कापड तसंच गुंडाळलं, खुणेसकट, आणि तलम कापडाच्या टोपलीत खाली दाबलं. ते फक्त शेजारी बसलेल्या पेरोनने पाहिलं. जन्मात जिच्या हातून एक खूण सुटली नाही, तिने जाणूनबुजून सोडली. पेरोनने पुढचं कापड पात्यावर ओढलं.

लेंटचे, ईस्टरआधीच्या उपासांचे, दिवस आले तेव्हा त्या टोपलीचा लगदा कागद होऊन वरच्या खोलीत पोचला. क्लोदामाय एकेक ताव उजेडाला धरत होती. इतर बायकांच्या हाती किती कण आले आणि किती खरवडले गेले, ते देव जाणे. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, त्यांनी आपलं काम केलं. तिच्या हाती एकच आला. तिने तो ताव खराब कागदांच्या गठ्ठ्यात सगळ्यांत खाली ठेवला आणि चार महिने खालीच राखला.

"तेव्हाच घरी का नाही नेलास?" चढाच्या माथ्यावर बसून राय धान्याची भाकरी आणि निळ्या बुरशीचं चीज खाताना पेरोनने विचारलं.

"चोरी केली नाही कधी. आता मियेतच्या नावाने करू?"

जूनमध्ये, सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास चित्रकार आला होता. गावोगावचे पोशाख काढत पायी हिंडणारा. त्याचे कागद वाटेत भिजलेले, म्हणून नवे विकत घ्यायला गिरणीत. जुन्या धर्तीचा पोशाख हवा म्हणाला, तसं सगळ्यांनी क्लोदामायचं घर दाखवलं. तिने मियेतची पेटी उघडली. तपकिरी लोकरीचा चुणीदार घागरा, लाल अस्तराची चोळी, भरलेला रुमाल, आणि गळ्यात घालायचं पवित्र आत्म्याचं चांदीचं कबुतर. तो हरखला.

"पोशाख बघा, काढा," ती म्हणाली. "पण कागद मी दाखवीन तोच गिरणीतून विकत घ्या. आणि काम झालं की तो मला परत."

त्याने ताव पाहिला. "अहो बाई, याला तर डाग आहे."

"तुम्हाला डाग दिसतो. काढायचं तर याच्यावर काढा, नाही तर मी पेटी मिटते."

तो हसला. पेरोनला पोशाख घालून दोन तास उभी केली. घागरा अंगाला असा बसला की क्लोदामाय मागे जाऊन टाचण्या लावत राहिली, पुढे आलीच नाही. पेरोनच्या आईने टोपीची झालर दोन दिवस खळ घालून, तापल्या नळीवर फिरवून उभी केली होती. चित्रकाराने ती तीन रेघांत उरकली. पेरोनच्या गालावरचे देवीचे व्रण त्याने काढलेच नाहीत. लाल कणापाशी पेन्सिल थांबली, तेव्हा क्लोदामाय पटकन म्हणाली, "राहू द्या तो." "राहू दे बापडा," तो म्हणाला, "गवतातलं फूल होईल." त्याने भोवती दोन पात्या ओढल्या. चित्र क्लेरमाँच्या शिळाछापवाल्याकडे जाणार होतं. तिथं दगडावर उतरवून झालं की मूळ कागद तिच्यासाठी ठेवायला सांगतो, पुढल्या ईस्टरनंतर येऊन न्यावा, असं त्याने कबूल केलं होतं.

"माणूस शब्दाचा दिसला," क्लोदामाय म्हणाली आणि उरलेल्या भाकरीवर बोटाने क्रूस काढून ती फडक्यात बांधली. "पण कणाचं काही सांगता येत नाही. मला रोज वाटतं, ऊन लागून उडाला असेल."

"तो रंग उडत नाही. तूच शिकवलंस."

"शिकवलं खरं."

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या क्लेरमाँत शिरल्या. घरं काळ्या दगडाची, चर्च काळ्या दगडाचं. वेशीपाशी दोघींनी पाय पुसून जोडे घातले. छापवाल्याचं दुकान चर्चच्या मागच्या उतारावर होतं. मालकाने त्यांच्याकडे, त्यांच्या गाठोड्याकडे पाहिलं, चोपडीतली एक चिठ्ठी वाचली आणि मान हलवली. "हो, आहे. व्हाला बाई. परत द्यायचंय. मागे जा, ओर्तांस देईल."

मागच्या खोलीत एक बाई खिडकीशी बसून रंग भरत होती. शिंपल्यांत कालवलेले रंग, वाटीत डिंकाचं पाणी, बोटं निळीपिवळी. डोक्यावर दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांवर ओली चित्रं वाळत घातलेली. साठ तरी असतील. पेरोनने वर पाहिलं आणि ती थबकली. साठही चित्रांत तीच. गाल गुळगुळीत, कंबर मुठीएवढी, घागरा निळा.

"घागरा तपकिरी होता," तिच्या तोंडून निघून गेलं.

"तपकिरी खपत नाही गं बाई," ओर्तांस हसून म्हणाली. "अय्या, तूच का ती? मी तुझे गाल रंगवते रोज. सकाळपासून चाळीस वेळा लाजवलंय तुला." मग क्लोदामायकडे वळून, "आणि आजी, तुम्ही कागद न्यायला आलात ना? थांबा, जपून ठेवलाय."

तिने फळीवरून एक पुठ्ठ्याची घडी काढली आणि उघडली. मूळ चित्र. पेन्सिलीच्या रेघा, थोडा पातळ रंग. क्लोदामाय वाकली. पेरोनही वाकली. उजवा कोपरा कोरा होता. पात्या नव्हत्या. लाल काही नव्हतं. पांढरा, स्वच्छ, जणू कधी काही नव्हतंच.

"बघा किती नीट केलंय," ओर्तांस अभिमानाने म्हणाली. "खाली एक लाल डाग होता. मालक म्हणाले, कागद एका बाईला परत जायचाय, तिच्या लेकीचा पोशाख आहे. मला वाटलं, असा डागाळलेला कसा द्यायचा? आधी पावाच्या चुऱ्याने पुसलं. गेला नाही. मग पात्याच्या टोकाने हळूहळू काढला आणि कुत्र्याच्या सुळ्याने घोटलं. दुपार गेली त्यात. मालकांना माहीतही नाही. ओळखा बरं, कुठं होता?"

पेरोनने तोंड उघडलं. त्याच क्षणी तिच्या मनगटावर क्लोदामायची बोटं आवळली गेली, अशी की पुढे दोन दिवस तिथं वळ होता.

क्लोदामायने ताव दोन्ही हातांत घेतला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. कोपऱ्यात, इतर कागदाहून किंचित पातळ, राईएवढी उजेडाची जागा दिसत होती. तिने त्यावर बोट ठेवलं.

"इथं."

"अगं बाई! मालकाला सापडला नसता. तुम्हाला कसा दिसला?"

"माझंही तेच काम आहे, पोरी." क्लोदामायने ताव खाली घेतला. श्वास घेतला. "हात चांगला आहे तुझा. कागद कुठं दुखावला नाही. मीसुद्धा असाच काढला असता. आम्ही गारगोटी वापरतो, पण सुळा बरा दिसतोय."

ओर्तांस लाजली. तिच्या कामाला कुणी चांगलं म्हटल्याला किती वर्षं झाली असतील, कुणास ठाऊक. तिने एक रंगवलेलं चित्रही घडीत ठेवलं. "हे माझ्याकडून. थोडं पुसट छापलंय, विकायचं नाही. खाली लिहिलंय, आंबेरकडची नवरी."

बाहेर आल्यावर क्लोदामाय चर्चच्या पायऱ्यांपर्यंत नीट चालत गेली. तिथं बसली. घडी मांडीवर. पेरोनचे डोळे वाहत होते आणि रागही येत होता, कुणाचा ते तिला सांगता आलं नसतं.

"तिला सांगायला हवं होतं, माय."

"काय सांगू? तिने माझ्यासाठी दुपार घातली. सांगितलं असतं तर जन्मभर प्रत्येक ठिपक्यापाशी तिचा हात थरथरला असता. हात थरथरला की पोट कशावर भरायचं तिनं?"

"पण मियेतचं तेवढंच होतं."

"होतं." तिने घडी उघडली नाही. वर उघड्या दारातून मेणबत्त्यांचा वास येत होता. ती खोकली, आणि या खेपेला पेरोनने पाठ केली नाही. तिने क्लोदामायची पाठ धरली. शालीखालची हाडं तिच्या हाताला लागली.

"मी हजारो नावं काढली गं," क्लोदामाय म्हणाली. "कुणाच्या आया असतील, कुणाची पोरं. प्रत्येकाचं नाव घेतलं, विसावा मागितला, कापलं. आणि पोटची पोर आली तेव्हा जीभ उचलेना. वाटलं, नाव घेतलं की गेलीच ती. म्हणून खूण ठेवली. पण खूण ठेवली म्हणजे प्रार्थनाही राहिली ना? पाद्रीबाबांनी म्हटली लॅटिनमध्ये, ती वेगळी. आपली राहिली. त्या बाईने खूण काढली, पण तिला बिचारीला काय म्हणायचं ते माहीत नव्हतं."

"मग आता म्हण, माय. इथं. मी पण म्हणते."

क्लोदामायने ओठ उघडले. "दोन शिखरं," ती म्हणाली. आणि पुढचं येईना. पुन्हा म्हणाली, "दोन शिखरं," आणि मान हलवली.

पायऱ्यांवरून एक बाई टोपलीत पालक घेऊन गेली. घंटा झाली. क्लोदामायने जोडे काढले, दोरीत ओवले, आणि परतीच्या वाटेला उतार आहे की चढ हे न बघताच गळ्यात अडकवले.

"पेरोन, ऐक. हिवाळ्याच्या आत माझा सदरा तुझ्या पात्यापाशी येईल. नाही म्हणू नकोस, तूही ऐकतेस माझी छाती. गळ्याशी खूण आहे, विळा आणि दरी. ती नीट काप. लोभ करू नकोस, एक धागा मागे ठेवू नकोस, कुणाला तरी उगाच दुपारभर खरवडत बसावं लागेल. पण त्याच्या आधी, पातं लावायच्या आधी, दोन शिखरं आणि दरी म्हण. मोठ्यानं म्हण, सगळ्यांना ऐकू जाऊ दे. तिचं आधी म्हण, पोरी, मग माझं."